बेडूकवाल्यांची बायलॉजी

जगातला सगळ्यांत शहाणा प्राणी बेडूक, त्याच्या खालोखाल बेडूक धरणारा माणूस, आणि बाकीची सृष्टी या दोघांची सोय म्हणून मागाहून तयार झाली, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. सत्तरच्या त्या दशकात सांगलीपासून साताऱ्यापर्यंत जेवढी म्हणून सायन्स कॉलेजं होती, तेवढ्यांना फाडायला लागणारे बेडूक हेच गृहस्थ पुरवायचे. पण इतक्या प्राध्यापकांत त्यांचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. व्हाउचरवर सहीसुद्धा ते 'बेडूकवाले' अशीच ठोकायचे आणि खाली अशी करकरीत रेघ ओढायचे, की ती बघूनच कारकुनानं उठून उभं राहावं. गावात त्यांना आबा म्हणत. समोर मीही आबाच म्हणायचो. पण मनात ते कायमचे बेडूकवालेच राहिले, आणि मला जी काय थोडीफार बायलॉजी येते ती सगळी त्यांच्या ओल्या गोणपाटातनं बाहेर पडलेली आहे.

माझी शाळा सातवीतच सुटली. गाव चंद्रपूरच्याही पुढं, जंगलाच्या कडेला. तिथून एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर विटा वाहत वाहत सांगलीला आलो. कॉलेजची सायन्सची इमारत बांधून टोळी परत गेली आणि मी त्याच इमारतीत मागं राहिलो, कारण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचा पुसायला एक माणूस हवा होता. हंगामी. दर सहा महिन्यांनी नवा कागद मिळायचा, आणि तो हातात पडेपर्यंत मला जेवण गोड लागायचं नाही. संध्याकाळी कुलूप लावून निघालो की निम्म्या रस्त्यातनं परत येऊन ते ओढून बघायचो. बरण्यांतले साप आणि सरडे माझ्याकडं बघत बसायचे, मी त्यांच्याकडं. बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांतलं इंग्रजी त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही, एवढाच आमच्यातला जिव्हाळा.

पहिल्याच पावसाळ्यात विभागप्रमुख सरांनी मला बेडूक आणायला धाडलं. इस्लामपूरच्या रस्त्याला उतरून आत चालत गेलं की कृष्णाकाठचं त्यांचं गाव लागायचं. मी अंगणात उभा राहून आमच्याकडच्या बोलीत म्हणालो, मले बेडकं पायजेत. बेडूकवाले हौदात कंबरेएवढ्या पाण्यात उभे होते. खाकी अर्धी चड्डी, छातीवर पांढऱ्या केसांचं जंगल आणि डोक्यावर फौजी टोपी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हा 'मले' म्हणणारा प्राणी आपल्या खोऱ्यातला नाही, मग ह्याला कुठल्या वर्गात घालावं, असा काहीतरी विचार चालला असावा. मग त्यांनी विचारलं, "बेडकाला शेपूट असतं का न्हाई रं?"

मी म्हणालो, नसतं.

"कवाच न्हाई?"

मी हौदात बघायला लागलो. सातवी सुटलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारला की आधी दार कुठं आहे ते दिसतं, मग उत्तर येतं. तेही आलं तर. बेडूकवाल्यांनी आत आवाज दिला की कॉलेजातनं माणूस आलाय, त्याला काहीच येत नाही, लय बरं झालं, भाकरी टाक. काहीच न येणारा माणूस भेटल्याचा एवढा आनंद झालेला शिक्षक मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी भाकरी खाताना मला उत्क्रांती कळली. म्हणजे बेडूकवाल्यांची उत्क्रांती. माणूस माकडापासून झाला हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. साताऱ्याच्या एका प्रोफेसरांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. डावीकडं चार पायांवरचं माकड, मग वाकलेलं, मग जरा ताठ, आणि उजव्या टोकाला सरळ चालणारा माणूस. बेडूकवाले खांद्यावर गोणपाट घेऊन त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, चित्र चांगलं आहे, पण पाव्हणा चुकीचा आहे. माकडाचं शेपूट मरेपर्यंत जात नाही. बेडकाचं पिल्लू बघा. पाण्यात असताना शेपूट, जमिनीवर यायची वेळ झाली की ते आपोआप विरघळून जातं. माणसाचंही तसंच असणार, मग जवळचा कोण? प्रोफेसर हसले आणि बोलता बोलता म्हणून गेले की आईच्या पोटात असताना माणसालाही काही आठवडे शेपूट असतं खरं. झालं. त्यानंतर दहा वर्षं बेडूकवाले ही गोष्ट 'साताऱ्याच्या साहेबांनी लिहून दिलेलं हाय' अशा थाटात सांगत होते. गावातल्या एकेका माणसाची उत्क्रांती कुठवर आलीय तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. सरपंच तोंड उघडं ठेवून बसायचे म्हणून ते अजून माशात. तलाठी कधी पाण्यात सापडत नव्हता आणि कधी जमिनीवर, म्हणून तो मधल्या अवस्थेत. मला त्यांनी दोन पाय फुटलेल्या पिल्लात धरलं होतं. "पुढचं फुटतील. घाई करू नगंस," असं सांगून माझ्या पाठीवर ओला हात ठेवला, आणि घरापासून एवढ्या लांब कुणीतरी आपल्याला कशात तरी धरलं, याचंच मला इतकं बरं वाटलं की मी दुसरी भाकरी मागून घेतली.

बेडकाचा हा नाद त्यांना फौजेत लागला. ते लढाईतल्या गोष्टी फारशा सांगत नसत. सांगायचे ते लष्करी दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधलं. त्या काळी बाईमाणसाला दिवस गेलेत की नाही, हे बेडकावरनं बघत. बाईंची लघवी सुईनं बेडकाच्या कातडीखाली टोचायची, दोन-चार तासांनी बेडकाचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, आणि आत काय वळवळतंय त्यावरनं डॉक्टर सांगत. त्या बेडकांची राखण बेडूकवाल्यांकडं होती. "कर्नलसाब बाप होणार हे कर्नलच्या आधी मला कळायचं," ते सांगायचे, "आनि माज्या आधी बेडकाला." या नोकरीनं त्यांच्या मनात बेडकाविषयी असा काही आदर भरला, की पेन्शनीत आल्यावर पोल्ट्री काढ, म्हैस घे, असं लोक सांगत असताना त्यांनी अंगणात हौद बांधला. हौदातल्या बेडकांना ते हिंदीत बोलायचे. कारण मराठीत हुकूम सोडला तर कुणी मनावर घेत नाही, असा त्यांचा घरचा अनुभव होता.

एस.टी.तनं बेडूक नेणं हा तर सोहळाच असायचा. ओलं गोणपाट पायाशी, हातात तांब्या. पेठनाका, कराड, उंब्रज, जिथं गाडी थांबेल तिथं उतरून ते गोणपाटावर पाणी शिंपडून यायचे, आणि ते चढल्याशिवाय गाडी हलायची नाही, हे ड्रायव्हर लोकांना माहीत होतं. एकदा मी बरोबर असताना नवा कंडक्टर आला. म्हणाला, कोंबडीचं तिकीट लागतं तसं बेडकांचंही लागेल. बेडूकवाल्यांनी त्याला शांतपणे विचारलं की गाडी जमिनीवरनं चालते का पाण्यातनं? जमिनीवरनं. मग हे जनावर उभयचर आहे, निम्मं पाण्यातलं. तेवढं वगळून राहिलेल्याचं तिकीट काय होईल ते फाड. कंडक्टर कराडपर्यंत विचार करत उभा राहिला आणि कराडला त्याची ड्यूटी संपली. मी मात्र तेवढ्या वेळात सगळ्या प्राण्यांचे वर्ग शिकून घेतले होते, कारण बेडूकवाले पुढच्या बाकावरच्या प्रवाशांची एकेक करून वर्गवारी करत होते, आणि त्यातल्या एका मिशीवाल्या गृहस्थांना आपण सस्तन आहोत हे मान्य होत नव्हतं.

बेडूक धरायचे त्यांचे नेम होते आणि ते देवधर्माच्या नेमांपेक्षा कडक होते. अंड्यावर आलेली मादी धरायची नाही. एका ओढ्यावर एका वर्षात दोनदा जायचं नाही. आणि जेवढे धरले त्यातले निम्मे तिथंच सोडायचे. का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी उसाच्या बांधावर बसवून मला सगळी साखळी म्हणून दाखवली. ऊन पानानं खाल्लं, पान किड्यानं खाल्लं, किडा बेडकानं, बेडूक धामणीनं, धामण मोरानं. मोर मेला की मुंग्यांनी, आणि शेवटी पुन्हा माती. यातला एक काढला की त्याला खाणारा उपाशी आणि तो ज्याला खायचा तो मोकाट. घरी तर या साखळीनं त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, जीव मेटाकुटीला आला होता. कोपऱ्यातला कोळी मारू द्यायचे नाहीत, पाल हाकलू द्यायचे नाहीत. काकू म्हणायच्या, "ह्या घरात समद्यास्नी जागा हाय, मला सोडून." आणि आल्यागेल्याला बेडूकवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा, तुला कोण खातं? लोक गडबडून जात. एकट्या दुकानवाल्या अण्णांनी तोंड वर न करता उत्तर दिलं होतं, "आमाला गिऱ्हाईक खातंय."

हे अण्णा म्हणजे गावातले किराणा-भुसारवाले. जैन माणूस, जिवाला जपणारा. त्यांच्या गोदामात उंदीरसुद्धा निवांत झोपत. बेडूकवाल्यांचे ते लहानपणापासूनचे सोबती. एकानं जन्मभर जीव धरायचे आणि एकानं जपायचे, तरी संध्याकाळी दोघं एकाच कट्ट्यावर. दर वर्षी महावीर जयंतीला अण्णा टोपी घालून बेडूकवाल्यांच्या अंगणात यायचे, एक गुळाची ढेप ठेवायचे आणि त्या बदल्यात हौदातले दहा-बारा बेडूक टोपलीत घेऊन खालच्या ओढ्याला सोडून यायचे. जीवदया. आणि दुसऱ्या दिवशी बेडूकवाले जाऊन ते परत धरून आणायचे. चैताचं ऊन, ओढ्याला दोन डबक्यांपुरतं पाणी, आणि हौदात बसून बसून जाडावलेले बेडूक. ते जाणार कुठं? अण्णांना हे माहीत नव्हतं असं नाही. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "माजं काम सोडायचं. पुढं त्येनं धरलं तर ते त्येच्यापाशी." यालाच निसर्गाचं चक्र म्हणतात, असं बेडूकवाल्यांनी मला सांगितलं होतं, आणि बरेच दिवस मी ते खरं धरून चाललो होतो.

चौथ्या वर्षी माझं सगळं एका दिवसावर येऊन ठेपलं. विभागप्रमुख सर म्हणाले की परिचराची एक जागा कायम होणार आहे. तुझं नाव मी पाठवीन, पण संस्थेचे लोक विचारतात की सातवी शिकलेला माणूस प्रयोगशाळा सांभाळणार कशी? युनिव्हर्सिटीचं प्रॅक्टिकल आहे, बाहेरच्या परीक्षक बाई येणार आहेत. सकाळी आठला चाळीस ट्रेमध्ये चाळीस बेडूक मांडलेले दिसले पाहिजेत. त्यात कमी पडलं, तर मला तुझ्यासाठी बोलायला तोंड राहणार नाही. मी घरी आईला कळवलंसुद्धा नाही. कायम झालो असतो तर तिला आणि धाकट्या बहिणीला सांगलीला आणता आलं असतं. नाही झालो तर परत विटा होत्याच. कार्तिकातच मी बेडूकवाल्यांना सांगून ठेवलं होतं, आणि त्यांनी हौदात पंचेचाळीस जमवून ठेवले होते. पाच वरचे, माझ्या काळजीसाठी म्हणून.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिल्या गाडीनं गेलो. काकू दारातच होत्या, पण भाकरीचं काही बोलल्या नाहीत. हौदात डोकावलो तर नुसतं पाणी. बेडूकवाले जाळं खांद्यावर टाकत बाहेर आले आणि सगळं सहज सांगितलं. काल महावीर जयंती. अण्णांचा नातू पंधरा दिवस टायफॉईडनं पडलेला, तो उठून बसला, आणि अण्णांनी नवस बोललेला होता की पोरगं उठलं तर या वर्षी तुझ्या हौदातला एकूण एक जीव सोडीन. आता एवढ्या वर्षांचा सोबती रडवेला होऊन समोर उभा राहिला तर त्याला चाळीस मोजून ठेवायला कसं सांगायचं? म्हणून सगळेच दिले. माझा चेहरा बघून ते हसले. "जात्यात कुटं रं? डबक्यातच बसलं असत्याल. चल, तासाभरात फॉलीन करतो समद्यास्नी."

गुडघा धरल्यामुळं महिना-दीड महिना ते ओढ्याकडं फिरकले नव्हते. त्यामुळं उतरणीला लागेपर्यंत त्यांनाही ते कळलं नाही. आधी वास आला, कुजलेल्या गुळासारखा, गोड आणि घाण. वरच्या अंगाला साखर कारखान्याची, मळीपासून अर्क काढायची भट्टी त्या हंगामात नवीन सुरू झाली होती, आणि तिचं उरलेलं पाणी ओढ्याला सोडलं होतं. दोन्ही डबकी काळपट तपकिरी झालेली, वर फेस. आणि त्या फेसात आमचे बेडूक, पांढरी पोटं वर करून. काठावर अण्णा बसले होते. काल दिवेलागणीला, सर्दीनं चोंदलेल्या नाकानं टोपली रिकामी केली होती, आणि आता सोडलेले जीव कसे आहेत ते बघायला सकाळीच आले होते. टोपी मांडीवर काढून ठेवलेली.

खरं सांगतो, त्या वेळी मला ना बेडकांचं वाईट वाटलं ना अण्णांचं. माझ्या डोळ्यांपुढं चाळीस रिकामे मेणाचे ट्रे उभे राहिले.

बेडूकवाले गुडघ्याची पर्वा न करता चिखलात बसले. एक बेडूक दोन्ही हातांनी उचलला, बोट पाण्यात बुडवून हुंगलं. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्यो कातड्यानं दम घेतो गड्या. तुला-मला वास आला की आपण नाक दाबून पुढं जातो. ह्येनं काय दाबायचं?"

अण्णांनी विचारलं, "माज्या हातानं झालं का रं हे?"

"तुमच्या न्हाई. वास घ्यायचं काम माजं. फौजेत पानी हुंगल्याबगर खेचराला पाजत नव्हतो मी." आणि जरा थांबून, "बसा घटकाभर. ऊन लय हाय."

वर आल्यावर त्यांनी अंघोळ केली, पेटीतला फौजी कोट काढला, छातीवर बिल्ले लावले. एका डब्यात चार मेलेले बेडूक आणि एका बाटलीत ओढ्याचं पाणी घेतलं आणि माझ्याबरोबर गाडीत बसले. त्या दिवशी वाटेत कुठल्याच स्टँडवर उतरायचं काम नव्हतं. इतकी वर्षं ते कॉलेजच्या व्हरांड्याच्या पुढं कधी गेले नव्हते. त्या दिवशी सरळ सरांच्या खोलीत जाऊन ताठ उभे राहिले आणि म्हणाले की चूक माझी आहे, या माणसाची नाही. सर काय बोलले ते सगळं लिहीत नाही, चिडण्यासारखंच होतं. शेवटी म्हणाले की उद्या परीक्षकांना काय दाखवू, तुमचे बिल्ले? बेडूकवाल्यांनी टेबलावर डबा आणि बाटली ठेवली आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. परत गावी गेले नाहीत. घरमालकाच्या ओटीवर माझ्याशेजारी झोपले, आणि मी कुशी बदलत असताना ते ढाराढूर घोरत होते, याचा मला राग आलेला अजून आठवतो.

सकाळी परीक्षक बाई आल्या. सुती पातळ, जाड चष्मा, हातात पिशवी. सरांनी घसा खाकरत खाकरत सगळं सांगितलं. बाईंनी डबा उघडला, बाटलीचं बूच काढून नाकाशी नेलं आणि परत घट्ट लावलं. मग म्हणाल्या, फाडायला झुरळं द्या. वसतिगृहाच्या मेसमधनं मुलांनी ती वीस मिनिटांत आणली. मेसवाल्यांनी कुठली परतफेड मागितली नाही. मग ओळखायच्या वस्तू मांडायची वेळ आली. नंबर लावून बाकांवर बरण्या ठेवतात, मुलांनी एकेका मिनिटात बघून लिहायचं, घंटी झाली की पुढच्या बरणीपाशी सरकायचं. घंटी मीच वाजवायचो. बाईंनी पाच नंबरला स्वतःच्या हातानं एक मेलेला बेडूक आणि शेजारी ती बाटली ठेवली आणि लिहिलं, ओळखा आणि कारण द्या.

चाळीस मुलं सरकत गेली. सगळ्यांनी बेडकाचं लॅटिन नाव, संघ, वर्ग, अगदी अचूक लिहिलं. बाटलीचं बूच एकानंही काढलं नाही. शेवटचा मुलगा गेल्यावर बाई कागद चाळता चाळता थांबल्या आणि घंटी हातात घेऊन उभ्या असलेल्या मला सहज विचारलं, "तुम्ही आणलेत ना हे? कशानं मेले?"

सर कोपऱ्यातनं बघत होते. मी म्हणालो, बाई, मला इंग्रजी नाव येत नाही. मग ओढा सांगितला. चैतात पाणी कमी असतं, त्यात हंगाम संपेपर्यंत भट्टीचं पाणी येत राहतं. ते कुजताना पाण्यातला सगळा श्वास खाऊन टाकतं. बेडूक पाण्यात असला की कातडीनं श्वास घेतो, त्याला नाक दाबून पुढं जाता येत नाही. आणि आता पुढच्या पावसात उसावर किडा वाढेल, धामणी दुसरीकडं जातील. साखळी मधनंच काढलीय. हे सगळं मी घंटी घट्ट धरून बोललो, तिचा मधे मधे आपोआप आवाज होत होता. निम्मं माझ्या बोलीत, निम्मं बेडूकवाल्यांच्या. बाईंनी मधे एकदाही दुरुस्ती केली नाही. विचारलं, कुठं शिकलात? मी खिडकीतनं दाखवलं. व्हरांड्यात बाकावर फौजी कोटातले बेडूकवाले बसल्या बसल्या झोपले होते आणि त्यांचं तोंड सरपंचांसारखं उघडं पडलं होतं.

बाई सरांशी काय बोलल्या ते मला कधी कळलं नाही. आषाढात मला कायम केल्याचा कागद आला. आईला पत्र टाकलं आणि पहिल्या रविवारी तो कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून बेडूकवाल्यांच्या गावी गेलो. मधल्या तीन महिन्यांत त्यांनी कुठल्याच कॉलेजला बेडूक दिले नव्हते. सातारचे साहेब स्वतः येऊन गेले, तर त्यांना सांगितलं की ओढा भरला की बघू. हौद कोरडा होता, काकूंनी त्यात शेणी रचल्या होत्या. अण्णांनी यापुढं जयंतीला काही सोडायचं नाही असं ठरवलं होतं. भट्टीच्या दारात जाऊन बसत, तिथला वॉचमन त्यांना चहा देऊन घरी पोचवत असे.

बेडूकवाल्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, उलटा करून मागंही बघितलं. मग तो घडी घालून माझ्या खिशात स्वतःच ठेवला. "म्हंजे तू पर्मनंट झालास," ते म्हणाले. "बेडूक मातूर टेंपरवारी झाला गड्या."

त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही, ना शेपूट, ना साखळी. भाकरी खाल्ली. दिवस कलला, पाऊस नुकताच उघडला होता, उसातनं पाणी वाहत होतं. ही वेळ म्हणजे दर वर्षी त्या अंगणात एकमेकांचं बोलणं ऐकू न येण्याची. या वर्षी काकूंच्या चुलीतलं लाकूड तडतडलेलंसुद्धा ऐकू आलं. बेडूकवाले उठून बांधापर्यंत गेले, मी मागोमाग. ते बराच वेळ कानामागं हात धरून उभे राहिले. फौजेत कुठंतरी एका कानाचा पडदा गेला होता, दुसराही आताशा कमी येत होता, हे मला माहीत होतं. ते कबूल करत नसत.

"मला जरा कमी येतंय," ते हळू म्हणाले. "तू ऐक. हाय का एकांदा?"

मी ऐकलं. जीव कानांत आणून ऐकलं. उसाची सळसळ होती. लांब रस्त्यावर एक ट्रक गेला. बाकी काही नव्हतं. बायलॉजीत जे दिसतं ते आणि तेवढंच सांगायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"हाय आबा," मी म्हणालो. "एक हाय. लांब."

"कुटल्या अंगाला?"

मी भट्टीच्या वरच्या बाजूला हात केला.

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या. "वरल्या अंगाला म्हंजे बरुबर हाय," ते म्हणाले. "तितलं पानी अजून चांगलं हाय." आणि तिकडं तोंड करून, कानामागचा हात न काढता, अंधार पडेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो. शेवटची गाडी गेली.